वेगळी पंगत: एएफसी चॅलेंज कपचा हिशोब

१३ ऑगस्ट २००८. दोनच दिवसांपूर्वी बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकलं होतं आणि सगळीकडे त्याचंच नाव होतं. त्या गडबडीत दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताच्या फुटबॉल संघाने ताजिकिस्तानला ४-१ हरवलं. सुनील छेत्रीचे तीन गोल, बायचुंग भुतियाचा एक. स्पर्धेचं नाव एएफसी चॅलेंज कप. मी तेव्हा शाळेत होते. कोल्हापुरात वाढल्यामुळे फुटबॉल घरातच होता. बाबांनी दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, आतल्या पानावरची बातमी शोधून काढली आणि म्हणाले, "आता एशियन कपला जाणार आपण. चोवीस वर्षांपूर्वी गेलो होतो, त्यानंतर आत्ता." (हा क्रिकेटचा आशिया कप नव्हे, फुटबॉलचा एएफसी एशियन कप. इथे सगळीकडे तोच.)

आणि खरंच गेलो. जानेवारी २०११, दोहा. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. तिसरी मॅच संपल्यावर बाबा टीव्ही बंद करत म्हणाले, "हे संघ वेगळ्याच शाळेतले दिसतात गं."

तेव्हा ते वाक्य कानावरून गेलं. आज मी संख्याशास्त्रात पीएचडी करतेय आणि माझा विषय जोडी-तुलना आहे. म्हणजे दोघादोघांच्या लढतींच्या निकालांवरून सगळ्यांचा क्रम कसा लावायचा, आणि त्या क्रमावर किती विश्वास ठेवायचा. त्यामुळे बाबांचं ते वाक्य आता मला चक्क एक गणिती विधान वाटतं. या लेखात चॅलेंज कपची समीक्षा करायची आहे, पण खेळाच्या अंगाने कमी आणि रचनेच्या अंगाने जास्त. दुबळ्या संघांसाठी वेगळी स्पर्धा काढली, तर त्यातून नेमकं काय कळतं आणि काय झाकलं जातं?

स्पर्धा काय होती

आशियाई फुटबॉल महासंघाने, म्हणजे एएफसीने, आपल्या सदस्य देशांची ढोबळ तीन गटांत वर्गवारी केली होती. प्रगत, विकसनशील आणि उगवते. तळाच्या गटासाठी २००६ मध्ये चॅलेंज कप सुरू झाला. पहिली स्पर्धा बांगलादेशात झाली, सोळा संघ होते आणि अंतिम सामन्यात ताजिकिस्तानने श्रीलंकेला ४-० हरवलं. मग २००८ भारत, २०१० श्रीलंका, २०१२ नेपाळ, २०१४ मालदीव. २००८ पासून अंतिम फेरीत आठच संघ आले आणि त्याआधी पात्रता फेऱ्या होऊ लागल्या. पाच स्पर्धा झाल्या आणि विषय संपला.

खरं आमिष होतं ते तिकिटाचं. २००८ आणि २०१० च्या विजेत्यांना २०११ च्या एशियन कपमध्ये थेट प्रवेश, आणि २०१२ व २०१४ च्या विजेत्यांना २०१५ च्या. म्हणजे एशियन कपच्या सोळा खुर्च्यांपैकी दोन या पंगतीसाठी राखीव.

आधी श्रेय देते, कारण ते खरं आहे. या संघांना एरवी मैत्रीपूर्ण सामने मिळायचे, नाहीतर विश्वचषक पात्रतेत लवकर बाहेर पडावं लागायचं. इथे चषक होता, उपांत्य फेरी होती, जिंकण्याची शक्यता होती. २०१४ मध्ये मालेमध्ये अश्रफ नुमानच्या फ्री किकवर पॅलेस्टाईनने फिलिपिन्सला १-० हरवलं आणि पॅलेस्टाईन पहिल्यांदा एशियन कपला गेलं. ज्या देशाला घरच्या मैदानावर सामना भरवणं हीच मोठी गोष्ट असते, त्याच्यासाठी याचं मोल मी पॉइंट्समध्ये मोजणार नाही. फिलिपिन्स २०१२ मध्ये तिसरं आणि २०१४ मध्ये उपविजेतं ठरलं, तेही तोवर एशियन कपला कधीच न गेलेलं.

आता हिशोबाकडे.

बारा सामने

चॅलेंज कप जिंकून जे संघ एशियन कपला गेले, ते असे: भारत (२०११), उत्तर कोरिया (२०११ आणि २०१५), पॅलेस्टाईन (२०१५). प्रत्येकी तीन, एकूण बारा सामने. विजय शून्य. बरोबरी एक. पराभव अकरा. गोल केले सहा, खाल्ले तेहेतीस.

हा आकडा बघून "स्पर्धा फसली" असं लिहून मोकळं होता येईल. पण ते बेशिस्त होईल. दुबळे संघ बलाढ्य संघांशी हरले, यात नवीन काय? या आकड्यावरून दरी होती एवढंच कळतं. स्पर्धेमुळे दरी कमी झाली की नाही हे कळायला स्पर्धा नसती तर काय झालं असतं ते माहीत हवं, आणि तो दुसरा आशिया आपल्याकडे नाही. म्हणून मी निकालावर फार जोर देणार नाही. रचना तपासू.

पूल कुठे आहे?

कोल्हापूरचंच उदाहरण घेते. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची मॅच असली की शाहू स्टेडियमकडे जाणारा रस्ता भरून जातो. समजा या तालमी फक्त एकमेकांशीच खेळल्या. मग वर्षभराच्या निकालांवरून कोल्हापुरात पहिला कोण, दुसरा कोण, हे मी छान सांगू शकेन. पण यातला पहिला संघ गोव्याच्या लीगमध्ये कितवा येईल? एकही मॅच बाहेर झाली नसेल, तर माझ्याकडे शून्य माहिती आहे. कोल्हापुरात हजार मॅच झाल्या तरी शून्यच.

जोडी-तुलनेच्या गणितात ही जुनी गोष्ट आहे. जर्मन गणितज्ञ झर्मेलोने बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी १९२९ मध्ये हे मांडलं, आणि ब्रॅडली व टेरी यांनी १९५२ मध्ये स्वतंत्रपणे. सगळ्या संघांना एकाच पट्टीवर बसवायचं असेल तर एक अट पाळावी लागते. संघांचे कसेही दोन भाग पाडा, दोन्ही भागांत एकमेकांशी लढती झालेल्या हव्यात आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले हवेत. लढतीच नसतील तर दोन बेटं तयार होतात. लढती असतील पण एकच बाजू कायम जिंकत असेल, तर गणित म्हणतं की दोन बेटांमधलं अंतर अनंत आहे! म्हणजे "खूप" एवढंच कळतं, "किती" ते कळत नाही.

आता ते बारा सामने पुन्हा बघा. अकरा पराभव, सगळे एकाच दिशेने. फक्त चॅलेंज कप आणि एशियन कपचा डेटा घेतला, तर "उगवते" आणि बाकीचे यांच्यातला अख्खा पूल एका धाग्यावर लटकलेला आहे: जानेवारी २०११ मधली उत्तर कोरिया आणि संयुक्त अरब अमिराती यांची ०-० बरोबरी. अर्थात इतर सामनेही होत होते, विश्वचषक पात्रतेचे, मैत्रीपूर्ण. त्यांनी अजून काही धागे जोडले. पण ज्या स्पर्धेचं कामच खालून वर पूल बांधणं, तिने दहा वर्षांत बांधलेला पूल एवढाच.

बाबा म्हणाले होते, वेगळ्या शाळेतले. दोन शाळांचे पेपर वेगळे असतील तर एका शाळेतले ऐंशी टक्के आणि दुसऱ्या शाळेतले साठ टक्के यांची तुलना कशी करणार? तेच हे.

सगळेच सुधारले तर?

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. एलो रेटिंग तुम्ही ऐकलं असेल. अर्पाद एलो हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी बुद्धिबळासाठी ही पद्धत बसवली. फिफानेही २०१८ पासून पुरुषांच्या क्रमवारीसाठी तिचंच एक रूप घेतलं आहे. कल्पना सोपी आहे. सामन्याआधी दोघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा. फिफाच्या सूत्रात २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या संघाची अपेक्षा साधारण ०.६८ येते. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा चांगला लागला तर गुण वाढतात, वाईट लागला तर घटतात. मूळ एलो पद्धतीत जिंकणारा जेवढे गुण मिळवतो तेवढेच हरणारा गमावतो.

आता एक बंद खोली घ्या. आत आठ संघ, सगळे एकमेकांशीच खेळतात. खोलीतल्या गुणांची बेरीज कायम तेवढीच राहते. समजा पाच वर्षांत आठही संघ दुपटीने चांगले झाले. बेरीज तेवढीच. समजा आठही संघ बिघडले. तरीही तेवढीच. बंद खोलीत पुढे-मागे कोण हे कळतं, पण खोलीच वर चाललीय की खाली, हे आतून दिसूच शकत नाही.

"उगवते संघ" या शब्दांत वर जाण्याचं वचन आहे. आणि स्पर्धेची रचना अशी, की वर जाणं मोजताच येऊ नये. माझी मुख्य तक्रार ही आहे.

दुसरी बाजूही मांडते, नाहीतर आमचे सर म्हणतील अर्धंच लिहिलंस. एका सामन्यातून किती माहिती मिळते, हे जिंकण्याच्या शक्यतेवर ठरतं. शक्यता प असेल तर माहिती प गुणिले (१ वजा प) या प्रमाणात असते. बरोबरीच्या लढतीत ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. एका बाजूची शक्यता ०.९५ असेल तर जेमतेम ०.०५. म्हणजे तुल्यबळ सामना असल्या एकतर्फी सामन्यापेक्षा पाचपट बोलका. ऑस्ट्रेलियाकडून ०-४ हरून भारताला स्वतःबद्दल फारसं काही कळलं नाही. ताजिकिस्तानशी साखळीत झालेल्या १-१ मधून जास्त कळलं असेल. शिकण्याचंही तसंच असावं असं मला वाटतं, पण ते मी सिद्ध करू शकत नाही.

म्हणजे तुल्यबळांशी खेळवणं ही कल्पना चुकीची नव्हती. चुकलं ते दार बंद ठेवणं. हवी होती शिडी, जिच्या पायऱ्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. खालच्या गटातले वरचे दोन आणि वरच्या गटातले खालचे दोन दरवर्षी भेटले असते, तर सामने तुल्यबळही राहिले असते आणि पूलही बांधला गेला असता. त्याऐवजी विजेत्याला एका उडीत ऑस्ट्रेलिया-कोरियासमोर उभं केलं आणि उपविजेत्याला घरी पाठवलं.

उत्तर कोरिया उगवता कसा?

फेब्रुवारी २०१० मध्ये उत्तर कोरियाने कोलंबोत चॅलेंज कप जिंकला. अंतिम सामना तुर्कमेनिस्तानशी १-१, मग पेनल्टीवर निकाल. त्याच वर्षी जूनमध्ये हाच देश दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकात ब्राझीलसमोर होता आणि फक्त १-२ ने हरला. (पुढे पोर्तुगालने सात गोल चढवले, ते वेगळं.) विश्वचषकाची पात्रता त्यांनी २००९ मध्येच मिळवलेली. म्हणजे जगातल्या बत्तीस संघांत जागा पक्की झालेला संघ त्याच वेळी आशियातल्या "उगवत्यां"मध्ये खेळत होता.

२०१२ मध्ये पुन्हा तेच दोघे अंतिम सामन्यात. उत्तर कोरिया २-१. तुर्कमेनिस्तान सलग दोनदा एका गोलाच्या किंवा पेनल्टीच्या अंतरावर राहिलं, आणि दोन्ही वेळा तिकीट अशा संघाला गेलं ज्याच्यासाठी ही पंगत मांडलीच नव्हती. जिच्यासाठी मांडली, तो संघ बाहेर.

लेबल लावताना हे नेहमी होतं. लेबल कशावरून लावलं, देशाच्या फुटबॉल व्यवस्थेवरून की संघाच्या ताकदीवरून? लीग, प्रेक्षक, प्रशासन, पैसा यांत मागे असलेल्या देशाचा राष्ट्रीय संघ दमदार असू शकतो. मोजायचं एक आणि बक्षीस द्यायचं दुसऱ्यासाठी, असं केलं की फट पडते, आणि फटीतून जो सर्वात ताकदवान असतो तोच आत शिरतो. मग तिकीट ज्याच्यापर्यंत पोचायला हवं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आणि भारत?

भारताची गोष्ट तर सरळ आलेखात मांडता येते. २००८: अफगाणिस्तान १-०, ताजिकिस्तान १-१, तुर्कमेनिस्तान २-१, म्यानमार १-०, आणि मग तो ४-१. पाच सामने, सगळे घरच्या मैदानावर, अंतिम सामना सोडला तर एकही दोन गोलांच्या फरकाने जिंकलेला नाही. पावसाने हैदराबादच्या मैदानाची दैना झाली म्हणून फायनल दिल्लीला हलवावी लागली होती. मी याला नशीब म्हणत नाही. छेत्री, भुतिया आणि बॉब हाउटन यांचा तो संघ चांगला होता. मी म्हणते, सॅम्पल लहान होतं. पाच सामन्यांवरून "आपण आशियातल्या पहिल्या सोळांत आलो" असा निष्कर्ष काढणं म्हणजे पाच पेशंटवरून औषध बाजारात आणणं.

पुढे बघा. तिकीट खिशात असल्यामुळे २०१० ला भारताने तेवीस वर्षांखालचा संघ पाठवला. २०१२ ला काठमांडूत मुख्य संघ गेला, प्रशिक्षक गोव्याचे सावियो मेदेरा. ताजिकिस्तानकडून ०-२, फिलिपिन्सकडून ०-२, उत्तर कोरियाकडून ०-४. तीन पराभव, एकही गोल नाही. २०१३ मध्ये यांगोनला पात्रता फेरीत म्यानमारकडून ०-१ आणि २०१४ च्या स्पर्धेत भारत नव्हताच. पाच वर्षांत विजेता ते अपात्र. एशियन कपला जाऊन आलेला संघ ज्या खोलीतून बाहेर पडला, त्याच खोलीत परत येऊन तळाला गेला.

आम्हाला वाटलं होतं की २००८ ही सुरुवात आहे. तो एक चांगला महिना होता.

पंगत एक झाली

२०१४ नंतर चॅलेंज कप बंद झाला, कारण २०१९ पासून एशियन कप सोळाऐवजी चोवीस संघांचा झाला आणि पात्रता सगळ्यांची एकत्र झाली. मध्ये २०१६ ला सॉलिडॅरिटी कप नावाची तशीच एक स्पर्धा मलेशियात झाली. नेपाळने मकावला १-० हरवून ती जिंकली, पण एशियन कपचं तिकीट तिला नव्हतं.

२०१९ मध्ये भारताने थायलंडला ४-१ हरवलं, छेत्रीचे दोन गोल. एशियन कपमधला १९६४ नंतरचा भारताचा पहिला विजय. किर्गिझस्तान बाद फेरीत गेलं. जानेवारी २०२४ मध्ये कतारला तर मजाच झाली. पहिला चॅलेंज कप जिंकणारं ताजिकिस्तान पहिल्यांदाच एशियन कपला आलं आणि अमिरातीला पेनल्टीवर हरवून थेट उपांत्यपूर्व फेरीत पोचलं. पॅलेस्टाईनने हाँगकाँगला ३-० हरवून एशियन कपमधला आपला पहिला विजय मिळवला आणि तेही बाद फेरीत. भारत? तीन सामने, तीन पराभव, शून्य गोल.

दार उघडल्यामुळे ताजिकिस्तान सुधारलं असं मी म्हणणार नाही. चोवीस संघ घेतले की दुबळे संघही जास्त येतात आणि एखादा विजय सोपा होतो, हेही खरं. पण धागे आता दोन्ही दिशांनी आहेत. ताजिकिस्तान किती वर आलं आणि भारत कुठे अडकला, हे एकाच पट्टीवर वाचता येतं. पंगत एक झाली म्हणून सगळ्यांचं पोट भरतंच असं नाही, पण उपाशी कोण आहे ते दिसतं. २००८ चा चषक गोड होता. २०२४ चा शून्य कडू आहे. पण माझ्या कामाला यातला शून्यच जास्त उपयोगी आहे, आणि भारतीय फुटबॉललाही तोच असेल.

हे इतकं मनावर का घेतलं, तर तेही सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका परिषदेत "नवोदित संशोधक" असं वेगळं सत्र होतं. जेवणानंतर, मागच्या हॉलमध्ये. आम्ही आमची पोस्टर्स एकमेकांना दाखवली, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली, आणि मला बक्षीसही मिळालं. प्रमाणपत्र अजून टेबलावर आहे. मुख्य हॉलमधलं कोणी तिकडे फिरकलंच नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी मुख्य सत्रात दहा मिनिटं मिळाली. दुसऱ्याच मिनिटाला एका बाईंनी विचारलं, "ही बेटं जोडलेली आहेत हे तुम्ही गृहीत धरलंय, तपासलंय का?" मला उत्तर देता आलं नाही. घशाला कोरड पडली. थीसिसचं तिसरं प्रकरण त्या प्रश्नातून आलंय.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "उगवत्यांसाठी" काही काढलं, फुटबॉल असो, संशोधन असो, शाळा असो, तर तीन गोष्टी विचारा. हे लेबल कोणी, कशावरून लावलं, आणि ते कधी काढणार? जिंकणाऱ्याचा पुढचा सामना कोणाशी आहे? आणि दुसऱ्या क्रमांकाचं काय होणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असं आलं, तर ती शिडी नव्हे.

गेल्या सुट्टीत घरी हे सगळं बाबांना कागदावर बेटं काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे २००८ ला आपण जिंकलो ते खोटं होतं का गं?"

खोटं नव्हतं, बाबा. ताजिकिस्तानला चार मारले, ते खरंच मारले. फक्त त्यावरून जे ठरवलं ते जरा जास्त ठरवलं.